डंपिंग ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी, एप्रिल-मे २०२५

आमचे शेत अमळनेर तालुक्यात आहे. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा असून त्याच्यामागे पाच टनी डंपिंग ट्रॉली चालते. शेणखत, मुरूम, कापूस आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ, हे सर्व याच ट्रॉलीने वाहिले जाते. ट्रॉलीचा जॅक तीन टप्प्यांचा (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) आणि एकतर्फी आहे. एकतर्फी म्हणजे तेलाच्या दाबाने ट्रे वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. जॅकला लागणारे तेल ट्रॅक्टरच्या पोटातूनच येते व तेथेच परत जाते, ही गोष्ट पुढील नोंदी वाचताना लक्षात ठेवावी. यापूर्वी हायड्रॉलिकचे कोणतेही काम मी स्वतः केलेले नव्हते. ज्यांना घरच्या ट्रॉलीचे काम स्वतः करायचे आहे त्यांच्यासाठी झालेल्या चुका आणि खर्चासह या नोंदी ठेवल्या आहेत.

१२ एप्रिल, शनिवार

गेल्या महिन्यापासून वर केलेला ट्रे आपोआप खाली येत होता. आज रिकामा ट्रे पूर्ण वर करून पाहिला, तेव्हा जॅकच्या दुसऱ्या टप्प्याभोवती तेलाची ओल दिसली आणि होज पाइपही ओला होता. पाइप नेमका कोठे गळतो हे पाहण्यासाठी इंजीन चालू असतानाच मी पाइपावरून हात फिरवायला लागलो. त्याच वेळी आमच्या गल्लीतले मिस्त्री अण्णा आले आणि लांबूनच ओरडले, "हात काढ भो, हात काढ!"

अण्णांनी अनेक वर्षे जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसवर काम केले आहे. १७० किलोची गाठ दाबणाऱ्या त्या यंत्रावर हाताने गळती शोधण्यास सक्त मनाई असे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखालचे तेल इतक्या जोरात बाहेर पडते की ते कातडी भेदून आत शिरते. त्यासाठी साधारण ७ बार, म्हणजे १०० पीएसआय इतका दाबही पुरतो, आणि ट्रॅक्टरचा पंप तर १५० बार किंवा त्याहून अधिक दाब देतो. जखम काटा टोचल्यासारखी लहान दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, त्यामुळे माणूस हळद लावून घरी बसतो. परंतु आत पसरलेल्या तेलाने बोट किंवा पूर्ण हात कायमचा जाऊ शकतो. असे घडल्यास त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना "दाबाखालचे तेल आत शिरले आहे" असे स्पष्ट सांगावे.

यानंतर गळती शोधण्यासाठी आम्ही पुठ्ठा वापरला. हातभर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पाइपाजवळून फिरवला. क्रिंपिंगच्या, म्हणजे पाइपाचे लोखंडी टोक दाबून बसवलेल्या जागेच्या, कडेशी पुठ्ठ्यावर रेघ उमटली. मघाशी माझे बोट त्या जागेपासून वीतभर अंतरावर होते.

१३ एप्रिल, रविवार

काम सुरू करण्याआधी टेकू हवा. ट्रॉली घेतली तेव्हा तिच्यासोबत लोखंडी टेकू आला होता, पण तो चार वर्षांपूर्वी गोठ्याच्या आढ्याला लावून टाकला होता. सकाळी बाभळीचा ओंडका लावून पाहिला. ट्रे जसजसा वर जातो तसतसा तो तिरका होत असल्याने ओंडक्याचे वरचे टोक बसेना आणि थोडा भार पडताच तो सटकला. ट्रेखाली कोणी नव्हते, म्हणून नुकसान झाले नाही.

गावातल्या वेल्डरकडून १०० मि.मी.च्या सी-चॅनलचा टेकू करून घेतला. खालचे टोक चेसीला पिनने जोडले आणि वरच्या टोकाला ट्रेच्या आडव्या पट्टीत अडकणारी खाच केली, त्यामुळे तो सटकू शकत नाही. १,९०० रुपये आणि एक पूर्ण दिवस गेला. टेकू फक्त रिकाम्या ट्रेसाठीच आहे. भरलेल्या ट्रेखाली टेकू असो वा नसो, जायचेच नाही. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. तेल अडवणारे एक सील फाटले किंवा एक पाइप सुटला की ट्रे क्षणात खाली येतो.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीनिमित्त दुकाने बंद होती. पत्र्याच्या शेडमधला एक कोपरा झाडून, पाणी मारून त्यावर ताडपत्री अंथरली. जॅक आणि त्याच्या आसपासचा भाग डिझेल व ब्रशने धुतला. वरचा मातीचा थर काढल्याशिवाय एकही नट सैल करू नये, कारण सैल केल्याबरोबर ती माती आत पडते.

१५ एप्रिल, मंगळवार

दोष जॅकचा आहे की ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हचा, हे ठरवणे आवश्यक होते. अशा एकतर्फी जॅकमध्ये तेलाला बाहेर पडायला दोनच वाटा असतात. एक तर ते टप्प्यांच्या सीलमधून उघड्यावर येते, नाही तर पाइपातून मागे, व्हॉल्व्हच्या बाजूने ट्रॅक्टरमध्ये जाते. म्हणून जॅकच्या तोंडाशी एक कॉक बसवायचा ठरवला. हार्डवेअरच्या दुकानदाराने पाण्याच्या लाइनचा पितळी कॉक पुढे केला होता. तो या दाबाला टिकणारा नसतो. अखेर हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्या दुकानातून जास्त दाबाचा बॉल व्हॉल्व्ह ९०० रुपयांना आणला. ट्रे पूर्ण खाली बसलेला असताना तो बसवला.

रिकामा ट्रे वर करून टेकू उभा केला, टेकू आणि ट्रे यांत चार बोटांचे अंतर ठेवले आणि कॉक बंद केला. वीस मिनिटांत ट्रे टेकूवर येऊन बसला आणि दुसऱ्या टप्प्यावरून तेलाचा ओघळ खाली आला. कॉक बंद असूनही ट्रे उतरला, म्हणजे जॅकचे सील निकामी झाले आहेत हे निश्चित झाले. ही चाचणी केली नसती तर मी आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह, उघडला असता आणि त्याचा खर्च याच्या कितीतरी पट झाला असता.

१६ एप्रिल, बुधवार

ऊन ४२ अंशांच्या पुढे गेल्यामुळे काम सकाळी सहा ते दहा एवढेच केले. आज जॅक उतरवला आणि आज दुसरी मोठी चूक झाली.

ट्रे टेकूवर ठेवला, इंजीन बंद केले, किल्ली काढली आणि जॅकच्या तोंडाचा जोड सैल करायला घेतला. पाना अर्धा फेरा फिरतो न फिरतो तोच तेलाची चिळकांडी उडून माझा शर्ट छातीपासून कमरेपर्यंत भिजला. इंजीन बंद म्हणजे दाब शून्य, असे मी धरून चाललो होतो. परंतु टेकूची खाच पूर्ण बसलेली नव्हती आणि ट्रेचा बराचसा भार अजून जॅकवरच होता. हिशोब केल्यावर अंगावर काटा आला. आमचा रिकामा ट्रे अंदाजे ८०० किलोचा आहे आणि जॅकच्या पहिल्या टप्प्याचा व्यास १०० मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सें.मी. आहे. सगळा भार जॅकवर आला तर इंजीन बंद असतानाही आत दर चौरस सें.मी.ला १० किलोचा, म्हणजे साधारण १० बारचा, दाब राहतो आणि कातडी भेदायला तेवढा पुरेसा आहे. जोड एकदम न सुटता हळूहळू सैल झाला आणि चेहरा बाजूला होता, म्हणून मी बचावलो.

योग्य क्रम अण्णांनी नंतर माझ्याकडून तीनदा करून घेतला. ट्रे टेकूवर पूर्ण टेकवायचा आणि टेकूवर हातोडी ठोकून भार आला आहे याची खात्री करायची. इंजीन बंद करून लिव्हर दोन-तीन वेळा उतरवण्याच्या बाजूला न्यायचा, कॉक उघडा ठेवायचा आणि काही मिनिटे थांबायचे. मग जोडावर जाड फडके गुंडाळून, तोंड दूर ठेवून पाव फेरा सैल करून वाट पाहायची. तेल नुसते झिरपू लागले तरच पुढे जायचे. त्या दिवसापासून मी चष्माही लावतो.

जॅक जड असल्यामुळे तो चेनपुलीने उतरवला. होज आणि जॅक, दोन्हींची तोंडे प्लास्टिकच्या बुचांनी लगेच बंद केली.

१७ एप्रिल, गुरुवार

जॅक उघडला. तळाशी काळी, मऊ लगदी बसली होती. बोटांवर घेऊन चोळली तर ती करकरली. ती गाळाची बारीक माती होती. बंद जॅकच्या तळाशी माती येते कोठून, हा प्रश्न मला दुपारभर पडला होता. उत्तर ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला सापडले. ट्रॉली सोडल्यावर क्विक कपलरची (पाइप ट्रॅक्टरला झटकन जोडायच्या जोडाची) दोन्ही तोंडे उघडी राहत होती. त्यांची रबरी झाकणे केव्हाच हरवली होती आणि ट्रॉलीचा पाइप कित्येकदा मातीत लोळत असे. तसाच पाइप आम्ही पुसून न पुसल्यासारखा करून जोडत होतो. ती माती आधी जॅकमध्ये आणि परतीच्या तेलाबरोबर थेट ट्रॅक्टरच्या पोटात जात होती. डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाहीत. सील आणि पंप खाणारे कण बहुतेक त्याहूनही बारीक असतात. त्यामुळे तेल दिसायला स्वच्छ आहे, या म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. दुसऱ्या टप्प्याच्या नळीवर उभे चरे होते आणि ते सगळे एकाच बाजूला होते. माती चारही बाजूंनी घासते. एकाच बाजूला चरे पडतात ते जॅकवर तिरका ताण आल्यामुळे. ओला गाळ ट्रेला चिकटून राहिला की आम्ही ट्रे वर असतानाच ट्रॅक्टर पुढे घेऊन जोरात ब्रेक मारायचो, म्हणजे हिसक्याने गाळ सुटेल. खालची पिन आणि बुश झिजलेले असल्यामुळे प्रत्येक हिसक्याला जॅक वाकडा होऊन नळी घासत होती. गाळ सुटायचा, पण आतून जॅक संपत होता.

१९ आणि २० एप्रिल

या दोन दिवसांतला सगळा खर्च वाया गेला. चरे बारीक पॉलिश पेपरने घासले आणि दुकानदाराने जुने सील नुसते पाहून दिलेले ८५० रुपयांचे सील किट बसवले. एक सील खाचेत जाईना म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने दाबले. २० तारखेला जॅक चढवून पहिल्यांदा ट्रे उचलला आणि पहिल्याच उचलीत त्याच जागेवरून तेल आले. पुन्हा उतरवून पाहिले तर सीलच्या लिपवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडेवर, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाची नखाएवढी चीर होती. शिवाय नखाला अडणारा चरा पॉलिश पेपरने जात नसतो, हे अण्णांनी आधीच सांगितले होते आणि मी घाईपोटी ऐकले नव्हते.

२१ एप्रिल, सोमवार

नळी हार्ड क्रोमसाठी (क्रोमचा कठीण मुलामा देण्यासाठी) जळगावला पाठवली. सात दिवस आणि ३,८०० रुपये सांगितले. त्याच दिवशी धुळ्याहून दुसरे किट आणले, परंतु या वेळी जुने सील न दाखवता प्रत्येक खाचेची रुंदी, खोली आणि नळीचा व्यास व्हर्निअरने मोजून लिहून नेला. जुने सील फुगलेले किंवा झिजलेले असते, त्यामुळे त्याचे माप खरे नसते. खाचेचे माप बदलत नाही. हे किट १,१५० रुपयांना पडले. खालची पिन आणि बुश लेथवर नवीन करून घेतले, त्याचे १,२०० रुपये झाले.

२३ एप्रिल, बुधवार

ट्रॅक्टरचे तेल तपासले. कपचीने थोडे बाहेर काढले तर ते ताकाळलेले, दुधट दिसले. अण्णांनी जुना तवा चुलीवर तापवून त्यावर चार थेंब टाकायला सांगितले. चांगले तेल तव्यावर शांतपणे पसरते आणि धुरावते. आमच्या तेलाने मोहरी तडतडावी तसा आवाज केला. म्हणजे त्यात पाणी होते. ट्रॅक्टर धुताना उघड्या कपलरवर मारलेले पाणी आणि मागच्या पावसाळ्यात उघड्यावर भिजलेले कपलर, दोन्हींचा हा परिणाम असावा. ही चाचणी उघड्यावर, चार थेंबांपुरतीच करावी आणि तव्यावर वाकू नये, कारण थेंब उडतात.

सगळे तेल बदलले. येथे एक सूचना आग्रहाने करतो. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, तेथे स्वस्त मिळते म्हणून साधे ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल घालू नये. तेलात बुडालेल्या ब्रेकला ते चालत नाही. पुस्तिकेत सांगितलेलेच ट्रॅक्टरचे बहुउपयोगी तेल घालावे. २० लिटरच्या दोन बादल्या ९,२०० रुपयांना आणि फिल्टर ६५० रुपयांना मिळाला. गाळणी डिझेलने धुतली तेव्हा तळाशी तीच काळी लगदी निघाली. जुने तेल कॅनमध्ये भरून ठेवले आहे. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतायचे नाही, असे घरात सर्वांना सांगितले आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

नवीन होज घेतला. जुना पाइप एका तारेच्या जाळीचा होता आणि क्रिंपिंगजवळ तार गंजून उघडी पडली होती. आता अर्ध्या इंचाचा, दोन जाळ्यांचा पाइप घेतला असून त्याच्यावर २७५ बारचा दाब छापलेला आहे. पाइपावरची ही छापील ओळ वाचून घ्यावी. तेथे दाब, माप आणि निर्मितीची तारीख असते. लांबी ठरवताना ट्रे पूर्ण वर असताना आणि ट्रॅक्टर वळलेला असताना, अशी दोन्ही मापे घेतली. हा पाइप साधारण १८० मि.मी.पेक्षा लहान गोलाईत वाकवायचा नसतो. टोकांसह १,४५० रुपये झाले. सुटलेले टोक क्लिप आवळून पुन्हा वापरणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की असे करू नका.

२८ एप्रिल, सोमवार

नळी परत आली. ताडपत्रीवर पांढरे धुतलेले कापड अंथरून जोडणी केली; सुती चिंध्यांचे धागे आत राहतात म्हणून त्या टाळल्या. प्रत्येक सील नव्या तेलात भिजवून, बोटांनी दुमडून खाचेत बसवले. लिप दाबाच्या बाजूला, म्हणजे तेलाकडे, आणि नळीवरची माती पुसणाऱ्या बाहेरच्या वायपर सीलची धार बाहेरच्या बाजूला. जेथे सील आट्यांवरून न्यावे लागते तेथे आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळले. चार तास लागले. २० तारखेला हेच काम मी पाऊण तासात केले होते.

२९ एप्रिल, मंगळवार

जॅक चढवला. हवा काढण्यासाठी इंजीन कमी फेऱ्यांवर ठेवून रिकामा ट्रे सहा वेळा सावकाश वर-खाली केला. सुरुवातीला ट्रे गचके देत होता, चौथ्या वेळेपासून सरळ जाऊ लागला. मग एक चूक केली. ट्रे वर असताना तेलाची पातळी पाहिली, ती कमी दिसली म्हणून साडेतीन लिटर तेल ओतले आणि ट्रे खाली आणल्याबरोबर जॅकमधले तेल परत येऊन ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) बाहेर वाहिले. पातळी नेहमी जॅक पूर्ण मिटलेला असतानाच पाहायची असते.

दाबाचा गेज, जोडासह १,३५० रुपयांचा, लावून पाहिले. जॅक शेवटपर्यंत गेल्यावर दोन सेकंद लिव्हर धरला तेव्हा काटा १५० बारवर थांबला, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह ठीक आहे. शेजारच्या एका ट्रॅक्टरवाल्याने "त्या व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळ, जास्त उचलेल" असा सल्ला दिला. आवळला नाही. १५० बारला १०० मि.मी.चा पहिला टप्पा सुमारे १२ टन जोर देतो, पण ६० मि.मी.च्या शेवटच्या टप्प्याचा जोर फक्त ४.३ टन असतो. माल अर्ध्या वाटेत घसरून जाईल असे गृहीत धरून हा जॅक केलेला आहे. माल चिकटून राहिला आणि शेवटचा टप्पा अडला, तर ते थांबण्याचे चिन्ह आहे. अशा वेळी दाब वाढवला तर पाइप, पंप किंवा चेसी यांपैकी काहीतरी जाते.

संध्याकाळी सहाला ट्रे वर करून कॉक बंद केला. टेकू आणि ट्रे यांत ६० मि.मी. अंतर ठेवले आणि खाली कोरा पुठ्ठा अंथरला. ट्रॅक्टरची किल्ली घरात नेली आणि ट्रॉलीभोवती दोर बांधला, कारण दुसऱ्या दिवशी आखाजी (अक्षय्य तृतीया) होती, बहिणी आल्या होत्या आणि अंगणात मुले होती.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

पहाटे अंतर ४७ मि.मी. भरले. पुन्हा सील गेले असे वाटून मन खट्टू झाले, पण पुठ्ठा कोरा होता आणि नळीवर ओलही नव्हती. अण्णा म्हणाले, दुपारपर्यंत थांब. दुपारी तीनला अंतर ५८ मि.मी. झाले होते. रात्री तेल थंड होऊन आकसते आणि उन्हात पुन्हा फुगते. एक मीटर उंच तेलाचा स्तंभ वीस अंशांनी थंड झाला तर सेंटीमीटरहून अधिक उतरतो. म्हणून ही चाचणी त्याच तापमानाला, म्हणजे चोवीस तासांनी वाचावी आणि शेवटचा निर्णय पुठ्ठ्यावरच्या डागावर द्यावा.

२ मे, शुक्रवार

गाळाची पहिली खेप वाहिली. ट्रॉली सपाट, कठीण जागेवर उभी केली, वर विजेच्या तारा नाहीत हे पाहिले आणि बाजूला कोणालाही उभे राहू दिले नाही. ट्रे अर्ध्यावर गेल्यावर पुढच्या कोपऱ्यातला गाळ चिकटून राहिला. हिसका देण्यासाठी माझा पाय क्लचवर गेलाच होता. तो मागे घेतला, ट्रे खाली आणला आणि दोघांनी फावड्याने कोपरा मोकळा केला. बारा मिनिटे गेली. दुसऱ्या खेपेपासून ट्रेच्या तळाला आधी कोरड्या मुरमाचा पातळ थर टाकला, तेव्हा गाळ सुटसुटीत घसरला.

४ मे, रविवार

एकूण खर्च २२,६१० रुपये झाला. त्यात वाया गेलेले ८५० रुपयांचे किट आणि कपलरच्या दोन झाकणांचे १६० रुपये धरले आहेत. सांडलेल्या तेलाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च धरलेला नाही. झाकणे साखळीने कपलरलाच जोडली आहेत. ट्रॉली सोडल्यावर पाइप आता ट्रॉलीच्या दांडीवर वेल्ड केलेल्या हुकाला टांगला जातो.

११ मे, रविवार

चौदा खेपा झाल्या. कपलर जोडण्याआधी पांढऱ्या कापडाने आतून पुसतो. कापडावर आज फक्त तेलाचा डाग आला, करकर लागली नाही. दुसऱ्या टप्प्याची नळी कोरडी आहे. पहिल्या टप्प्याच्या वायपरशी तेलाची बारीक कड दिसते. तिच्यावर खडूने खूण करून तारीख लिहिली आहे आणि दर रविवारी पाहणार आहे. पुढच्या आठवड्यात चुलत भावाच्या ट्रॉलीचा टेकू करायचा आहे, त्याच्यासाठी चॅनल आणून ठेवला आहे.